खुर्ची मिळाली, पुढे काय?



व्हीलचेअर वाटपाचे कार्यक्रम आपल्या वस्त्यांना आता नवे राहिलेले नाहीत. 14 एप्रिलच्या आसपास होतात, 3 डिसेंबरच्या अपंग दिनाला होतात आणि निवडणुका जवळ आल्या की जरा जास्तच होतात. खुर्चीत माणूस बसवला जातो, पाहुणे मागच्या मुठी धरून उभे राहतात, फोटो निघतो, चहा होतो आणि मंडप उतरतो. त्यानंतर ती खुर्ची कशी चालली हे विचारायला फारसे कोणी जात नाही. आमच्या मंडळाचे कार्यकर्ते आणि आम्ही जमेल तसे अशा घरांतून जात असतो. खुर्ची तिथे दिसते, पण बऱ्याचदा माळ्यावर, नाहीतर मोरीच्या कडेला, पाठीवर ओले कपडे वाळत घातलेली. आणि माणूस पुन्हा खाटेवर.

विचारले तर घरचे सांगतात, "खराब झाली." जवळ जाऊन पाहावे तर टायरमध्ये हवा नसते, किंवा पुढच्या लहान चाकाच्या दांड्याला केस आणि दोरे गुंडाळून ते चाक अडलेले असते. सायकलच्या दुकानात अर्ध्या तासात होणारे हे काम. त्यापायी माणूस सहा-सहा महिने उंबऱ्याबाहेर पडलेला नसतो. पेलाभर पाणी हवे तर हाक मारायची. संडासला जायचे तर मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायचे. थांबता यावे म्हणून दुपारी पाणीच प्यायचे नाही, असे एका वयस्क उपासिकेने आम्हांला सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, आपण कसे निभावतो ते सांगावे तसे सांगितले.

स्वाभिमान हा शब्द आपल्या भाषणांत फार येतो. या बाईंचा स्वाभिमान त्या दिवशी एका ट्यूबच्या हवेवर अडून राहिला होता. म्हणून या खेपेला हे सदर पूर्णपणे व्हीलचेअरसाठी. हाताने ढकलायची साधी घडीची खुर्ची, जी आपल्याकडे सर्वांत जास्त आहे, तिच्याबद्दलच आम्ही लिहीत आहोत. बॅटरीच्या खुर्चीचे शास्त्र निराळे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली कमी साधनांच्या देशांसाठी हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. गरजू माणूस शोधण्यापासून त्या सुरू होतात. मग त्याची तपासणी, मापे, खुर्चीची निवड, पैशाची सोय, जुळणी, बसवून पाहणे असे करत शेवटच्या दोन पायऱ्या येतात : वापरणाऱ्याला शिकवणे, आणि नंतर जाऊन पाहणे व दुरुस्ती. आपल्या कार्यक्रमांत आठांपैकी फोटोपुरती एकच पायरी होते. उरलेल्या पायऱ्या वस्तीनेच चढायच्या आहेत.

प्रथम माप. पायाला न बसणारी चप्पल कोणी फुकट दिली तरी आपण घालत नाही. खुर्चीचे मात्र "मिळाली ना, बसा" असे चालते. बैठक माणसाच्या कमरेपेक्षा फार रुंद असेल तर तो एका बाजूला कलत जातो, पाठीचा कणा वाकडा होतो आणि हात चाकापर्यंत नीट पोहोचत नाहीत. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहावी, त्याहून फार नको. टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन बोटे अंतर हवे. पाय ठेवायच्या पाट्या अशा उंचीवर बांधाव्यात की मांडी बैठकीवर सपाट टेकेल. पाट्या फार वर असल्या तर गुडघे वर येतात आणि सगळा भार ढुंगणावर पडतो, फार खाली असल्या तर रस्त्यावरच्या दगडाला अडकतात. जमिनीपासून दोन इंच तरी वर असाव्यात. चाकाच्या वरच्या टोकाला हात ठेवला असता कोपर काटकोनाच्या आसपास वाकले, तर उंची बरोबर समजावी.

आणि घराचे माप? अठरा इंची बैठकीची नेहमीची खुर्ची बाहेरून बाहेर साधारण पंचवीस इंच भरते. आपल्या चाळींतल्या संडासाचे दार चोवीस इंचांचे असते, कधी त्याहूनही कमी. मग खुर्ची दाराशी थांबते आणि पुढची तीन पावले उचलून न्यावे लागते, रोज, आयुष्यभर. खुर्चीसाठी अर्ज करण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन घरातले प्रत्येक दार मोजावे. कमी रुंद बैठक चालत असेल तर तशी मागावी. नाहीच जमले तर संडासासाठी लहान चाकांची भोकाची खुर्ची वेगळी घ्यावी. घर दुरुस्तीला काढाल तेव्हा दार तीन फुटांचे करावे, गवंड्याला आधीच सांगून ठेवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले तिच्याकडे येतो, ती म्हणजे हवा. बहुतेक घरांत असा समज आहे की हवा कमी असली तर खुर्ची ढकलायला जड जाते, एवढेच. ते खरे आहे, पण अपुरे आहे. घडीच्या खुर्चीचा ब्रेक सायकलसारखा रिमला धरत नाही. दांडी ओढली की एक लोखंडी तुकडा टायरच्या रबरावर दाबून बसतो आणि त्या दाबाने चाक थांबते. टायर मऊ झाला की रबर आत जाते, तुकड्याला दाबायला काही उरत नाही. दांडी ओढल्यासारखी दिसते, "टक्" असा आवाजही येतो, आणि चाक मात्र फिरते. म्हणजे आजोबा खाटेवरून खुर्चीत सरकायला लागले, त्यांनी भार टाकला, की खुर्ची मागे निसटते आणि ते फरशीवर. म्हातारपणात खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा उभा राहणे कठीण. लोक म्हणतात, तोल गेला. तोल गेलेला नसतो, हवा गेलेली असते.

टायरच्या बाजूला किती हवा भरायची तो आकडा उठावात छापलेला असतो, तेवढी भरावी. दाब मोजायचे यंत्र नसेल तर अंगठ्याने जोरात दाबून पाहावे, टायर जेमतेम दबला पाहिजे. दोन्ही चाकांत सारखी हवा हवी, नाहीतर खुर्ची एका अंगाला ओढते. मग दोन्ही ब्रेक लावून, खुर्ची रिकामी असताना, कोरड्या फरशीवर मागून ढकलावी. चाके घासत गेली तर ब्रेक ठीक आहे, फिरली तर नाही. हवा पुरेशी असूनही फिरत असतील तर ब्रेकचा पट्टा ज्या नटाने सांगाड्याला आवळलेला असतो तो ढिला करून पट्टा टायरकडे थोडा सरकवावा आणि नट पुन्हा घट्ट करावा. याला एक पाना पुरतो, शिकायला दहा मिनिटे लागतात. ही तपासणी आठवड्यातून एकदा व्हावी. भरीव रबराच्या टायरला हवेची कटकट नाही, म्हणून आपल्या खडबडीत गल्ल्यांत पुष्कळजण तो पसंत करतात. पण त्यात हादरे जास्त बसतात, आणि रबर झिजले की ब्रेक त्याच्यापासूनही दूर राहतो. तेव्हा ढकलून पाहणे त्यालाही चुकत नाही.

ब्रेक हा खुर्ची उभी ठेवण्यासाठी आहे, चालती खुर्ची थांबवण्यासाठी नाही. उतारावर वेग वाढला म्हणून एका बाजूचा ब्रेक ओढला तर ते चाक जागीच अडते आणि खुर्ची गर्रकन फिरून माणूस बाहेर फेकला जातो. वेग हातानेच, चाकाच्या बाहेरची कडी दोन्ही तळव्यांत सरकू देत कमी करायचा असतो. मागे कोणी असेल तर त्याने मुठी सोडू नयेत. मोबाईलवर बोलत एका हाताने खुर्ची ढकलणारे नातू आम्ही पाहतो, त्यांना थांबवून सांगतोही. राग येतो त्यांना, येऊ द्या.

पायरी उतरताना खुर्ची पाठमोरी करावी. मागची मोठी चाके आधी उतरतात, मागच्या माणसाने आपल्या अंगाचा आधार देत हळू घ्यावे. तोंड पुढे करून उतरवाल तर बसलेला पुढे घसरतो. चढताना उलट : खुर्चीच्या मागे खाली निघालेल्या नळीवर पाय देऊन, मुठी खाली दाबून पुढची लहान चाके उचलावीत, पायरीवर टेकवावीत, मग मोठी चाके पायरीला भिडवून पुढे लोटावे. हे करण्याआधी "उचलतो हं" असे बसलेल्याला सांगावे. न सांगता मागे कलवले की कोणाच्याही पोटात गोळा येतो. मुठींची रबरे फिरत असतील, सुटत असतील तर ती आधी घट्ट बसवावीत, कारण त्या क्षणी सगळे वजन त्या दोन रबरांवर असते. जिन्यावरून चौघांनी उचलायची वेळ आली तर सांगाड्याला धरावे. हात टेकायच्या बाजू आणि पायाच्या पाट्या कित्येक खुर्च्यांत निघणाऱ्या असतात. तिथे धरून उचलले तर ती वस्तू हातात राहते आणि खुर्ची खाली जाते.

मागच्या मुठींना भाजीची जड पिशवी, पाण्याचा कॅन अडकवायची सवय फार वाईट. चढावर किंवा बसलेला उठू लागला की खुर्ची मागे कलंडते. मधुमेहाने किंवा अपघाताने ज्यांचे दोन्ही पाय कापावे लागले आहेत त्यांना हा धोका दुप्पट, कारण पायांचे वजन गेल्याने शरीराचा भार मुळातच मागे सरकलेला असतो. अशांच्या खुर्चीला मागची चाके आणखी मागे बसवून घ्यावीत किंवा कलंडू नये म्हणून मागे दोन आधार लावून घ्यावेत. गटारावरच्या जाळीत पुढचे लहान चाक नेमके अडकते. तिथे खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी. आणि आमच्या भगिनींना खास सांगणे : पदर आणि ओढणी खोचून बसावे. स्पोकमध्ये पदराचे टोक गेले की चाक तो गुंडाळत जाते आणि गळ्याला फास बसतो. थंडीतली शाल, लहान मुलाला मांडीवर घेतल्यावर त्याची बोटे, हेही त्याच चाकाच्या तोंडी असतात. मांडीवर गरम चहाचे भांडे घेऊन जाऊ नये. ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांना भाजल्याचे कळतसुद्धा नाही.

खाटेवरून खुर्चीत येणे हा रोजचा प्रसंग. खुर्ची खाटेला जरा तिरपी लावावी, दोन्ही ब्रेक लावावेत, पायाच्या पाट्या वर कराव्यात किंवा बाजूला वळवाव्यात. पाटीवर पाय देऊन उभे राहायचे नाही, खुर्ची पुढे उलटते. हे प्रत्येक घरात एकदा तरी झालेले आढळते. खाट आणि बैठक एका उंचीवर असतील तर निम्मे कष्ट वाचतात. खाट बुटकी असेल तर चारी पायांखाली विटा द्याव्यात, मात्र त्या हलणार नाहीत अशा बसवाव्यात. उचलूनच न्यायचे असेल तर दोघांनी उचलावे : एकाने मागून काखेखालून हात घालून, माणसाने छातीशी घडी घातलेले स्वतःचे हात धरून, दुसऱ्याने मांड्यांखालून. एकट्याने ओढाताण करू नये. घरातल्या बाईची कंबर कायमची जाते आणि मग खाटेवर दोघे होतात.

महावग्गातली कथा आपल्या विहारांत सांगितली जाते. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, आणि डोक्याकडून बुद्धांनी, पायांकडून आनंदाने धरून त्याला मंचकावर ठेवले. प्रवचनात या कथेतल्या करुणेवर बोलले जाते, ते योग्यच आहे. आम्हांला मात्र दरवेळी वाटते, माणूस उचलण्याची रीतही त्यात आहे. दोघेजण, एक वरून, एक खालून.

आता जखमेबद्दल. यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण खुर्चीवरून पडून जेवढे हाल होत नाहीत तेवढे या जखमेने होतात आणि घरोघरी ती लपवली जाते. मणक्याला मार लागून ज्यांची कमरेखालची संवेदना गेली आहे, त्यांना बसून बसून ढुंगण दुखत नाही. आपण सिनेमागृहात तीन तास बसलो तर नकळत दहा वेळा कूस बदलतो, कारण शरीर सांगते. त्यांचे शरीर सांगत नाही. बसताना ज्या दोन हाडांवर भार येतो त्यांच्या खालची कातडी दबून राहते, तिथे रक्त पोहोचत नाही, कातडी आतून मरते. वर लहानसा डाग दिसतो तेव्हा आत खड्डा पडलेला असू शकतो. मग ताप, पू, दवाखाना, महिनोन्महिने पालथे पडून राहणे. विष रक्तात गेले तर जीवही जातो.

उपाय घड्याळाचा आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी, निदान अर्ध्या तासाने तरी भार उतरवावा. हातांत बळ असेल तर दोन्ही हातांनी टेकून अंग वर उचलावे. नसेल तर छाती मांड्यांकडे आणून पुढे वाकावे, किंवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलावे, आणि मिनिट-दोन मिनिटे तसेच राहावे. पुढे वाकताना पडण्याची भीती असेल तर समोर टेबल ठेवावे किंवा कोणी धरावे. टीव्हीवर जाहिरात लागली की वाकायचे, असे एका तरुणाने स्वतःच ठरवून घेतले आहे. आम्हांला ही युक्ती आवडली, इतरांनाही सांगतो.

दुसरे, गादी. खुर्चीच्या नुसत्या रेक्झिनवर बसू नये. ते काही महिन्यांत झोळीसारखे लोंबते आणि मांड्या आत ओढल्या जातात. तीन-चार इंचांची चांगल्या घट्ट फोमची गादी घ्यावी. माणूस बसलेला असताना गादीवर, हाडांच्या खाली बोटे सरकवून पाहावीत. हाड थेट खालच्या कठीण बैठकीला टेकल्यासारखे लागले तर फोम मेला, बदलावा. मधे भोक असलेली गोल रबरी उशी मेडिकल दुकानात सुचवतात. ती घेऊ नये. भोकाच्या कडेने कातडी ताणली जाते आणि रक्त आणखीच अडते. गादीचे आवरण धुऊन ठेवावे, ओल्या गादीवर बसू नये, फोम कडक उन्हात न घालता सावलीत वाळवावा. उन्हाने त्याचा भुगा होतो.

तिसरे, रोज रात्री पाहणे. स्वतः आरशाने पाहावे किंवा घरच्यांनी पाहावे. माकडहाड, बसायची दोन्ही हाडे, टाचा. पुस्तकांत लिहिलेले असते, "लालसर डाग". ती पुस्तके गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, जागा अधिक काळी-जांभळी दिसते, हाताला गरम किंवा टणक लागते. तशी जागा सापडली आणि भार काढून अर्ध्या तासातही पूर्ववत झाली नाही, तर तो डाग जाईपर्यंत त्या अंगावर बसायचे नाही. कातडी फुटली असेल तर घरगुती लेप, हळद, राख काही न लावता डॉक्टरकडे जावे. सुनेने सासऱ्याचे अंग कसे पाहायचे, मुलाने आईचे कसे पाहायचे, असा संकोच आम्ही समजू शकतो. तो एकदा घरात बसून बोलून मिटवावा. जखम झाल्यावर तेच अंग परक्या वॉर्डात उघडे करावे लागते.

निगा म्हणाल तर फार नाही. पुढच्या चाकांच्या दांड्यावरचे केस-दोरे चिमट्याने काढावेत. नट-बोल्ट हाताने तपासावेत, ढिले दिसतील ते आवळावेत. मोठ्या चाकाचे स्पोक बोटांनी दोन-दोन दाबून पाहावेत, एखादा ढिला लागला तर सायकलवाल्याकडून आवळून घ्यावा, कारण एक ढिला राहिला की शेजारचे तुटू लागतात. महिन्यातून एकदा शिवणयंत्राचे तेल थेंबभर घडीच्या फुलीच्या सांध्यात आणि ब्रेकच्या खिळीत सोडावे. टायरला तेल लागू देऊ नये, ब्रेक घसरतो. खुर्ची नळाखाली धुऊ नये आणि तिच्यावर बसून आंघोळ करू नये, पाणी छऱ्यांत शिरते आणि चाक करकरू लागते. ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गंज फार लवकर चढतो, तिथे हे रोजचे काम समजावे.

घडी उघडताना बैठकीच्या दोन्ही दांड्यांवर तळहात ठेवून खाली दाबावे, बोटे आतल्या बाजूला ठेवावीत. दांडीला वेढा घातला की बोटे चेमटतात. मिटताना बैठकीचे रेक्झिन मधोमध धरून वर ओढावे. फुलीच्या सांगाड्याची ही खुर्ची 1930 च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघा अभियंत्यांनी तयार केली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघाताने पांगळे झालेले होते आणि त्यांना मोटारीत घालता येईल अशी खुर्ची हवी होती. ज्याला बसायचे होते त्याच्या गरजेतून ती निघाली, म्हणून इतकी वर्षे टिकली.

टायर बदलायची वेळ आली तर "चोवीस इंची द्या" एवढे सांगून भागत नाही. चोवीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत आतला घेर वेगवेगळा असतो. लहान मुलांच्या सायकलचा टायर व्हीलचेअरच्या रिमवर बसेलच असे नाही. जुन्या टायरवर 37-540 असा आकडा पुष्कळदा आढळतो. जो आकडा असेल तो जसाच्या तसा लिहून घ्यावा, शक्य तर जुना टायरच दुकानात न्यावा.

सरकारी मदतीविषयी थोडक्यात. केंद्राच्या एडीआयपी योजनेतून खुर्ची मिळते, ती बहुधा कानपूरच्या एलिम्को या 1972 साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची असते. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे, उत्पन्नाची अट आहे. मोठ्या माणसाला एकदा साधन मिळाले की तीन वर्षे तेच साधन पुन्हा मिळत नाही, तेव्हा मिळालेली खुर्ची सांभाळण्याला पर्याय नाही. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची आहे. ग्रामसभेत उभे राहून ती कुठे गेली हे विचारावे, आणि लेखी विचारावे. तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते, आणि त्याची नोंद होत नाही.

राहता राहिला आपला विहार. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारतींत धार्मिक आणि सांस्कृतिक कामाच्या इमारतीही धरतो. कायदा नसता तरी हे आपण करायला हवे होते. विहार बांधताना जोते उंच घ्यायची आपल्याला हौस, दोन-तीन पायऱ्या हमखास. रॅम्प करताना एक इंच उंचीला बारा इंच लांबी हे प्रमाण धरावे. सात इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे चौदा इंच, त्याला चौदा फूट लांबीचा उतार लागतो. जागा नाही म्हणून चार फुटांत बसवलेले उतार आम्ही पाहिले आहेत. ते मोटारसायकल चढवायला ठीक, खुर्ची त्यावरून मागे उलटते. सरळ जागा नसेल तर वळण देऊन करावा, वळणावर सपाट जागा सोडावी, कडेला कठडा घालावा, वर गुळगुळीत फरशी बसवू नये.

आणि एक विनंती. चपला बाहेर काढायच्या तशी खुर्चीही बाहेर ठेवायला सांगितली जाते, बसलेल्याला दोघे उचलून आत सतरंजीवर टेकवतात. तो मग भिंतीला टेकून कसाबसा तासभर बसतो, गादीवाचून, कूस न बदलता. वर सांगितलेली जखम अशा एका तासातही सुरू होते. खुर्ची म्हणजे त्याच्या चपला नव्हेत, त्याचे पाय आहेत. दाराशी एक ओले आणि एक कोरडे फडके ठेवावे, चाके पुसावीत आणि खुर्चीसह आत घ्यावे. पुसण्याआधी आणि ढकलण्याआधी त्याला विचारावे. न विचारता मागून खुर्चीला हात घालणे म्हणजे न विचारता खांद्याला धरून ढकलणे आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आमची मंडळांना एवढीच सूचना : विहारात एक पंप, दोन पाने, एक चिमटा, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणि पंक्चरचे सामान एका डब्यात ठेवावे. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या खुर्च्या पाहाव्यात. सोबत एक वही असावी. कोणाची खुर्ची, कधी मिळाली, टायरचा आकडा काय, हवा-ब्रेक कधी पाहिले. आम्हां कारकुनांना वहीशिवाय सुचत नाही हे खरे, पण दोन महिने नोंद नसलेले नाव दिसले की त्या घरी जाऊन यायचे हे वहीमुळेच कळते. सायकल दुरुस्ती येणारा एखादा तरुण प्रत्येक वस्तीत असतोच, त्याला हाताशी धरावे, सोबत दोन मुलींनाही शिकवावे. डबा दाराजवळ उघडा ठेवावा. कपाटात कुलूप लावून ठेवला तर किल्ली ज्याच्याकडे, तो नेमका त्या रविवारी गावाला गेलेला असतो.